वखारीचा उंबरा

जुनेखारात कोणाचं घर किती मोठं याला फारशी किंमत नव्हती. बांधावर तुमच्या उंबऱ्याचा माणूस उभा राहतो का, एवढंच लोक बघायचे. पेणहून खाडीकडे उतरत गेलं की जमीन सपाट होत जाते आणि शेवटी मातीचा एक लांबच लांब बांध आडवा येतो. बांधाच्या त्या अंगाला खारं पाणी. या अंगाला भाताची शेतं, गाव आणि गावाचं एकुलतं एक गोड्या पाण्याचं तळं. बांध आहे तोवर गाव आहे, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बांध राखणाऱ्या मंडळींना म्हणायचे जोळ. दर उंबऱ्याला बांधाचा एकेक तुकडा वाटून दिलेला. उधाणाच्या भरतीनं बांध फुटला, म्हणजे गावच्या भाषेत खांड पडली, की देवळापाशी थाळा वाजायचा आणि घरटी एक माणूस हातातला घास टाकून धावायचा. येणार नाही त्याला दंड. जोळाचा म्होरक्या काळुराम म्हणायचा, "धन्याचा उंबरा काय नि गड्याचा काय, खाऱ्या पान्याला सारखाच."

अशा या गावात पेणच्या कॉलेजनं मुलांचं वसतिगृह आणून ठेवलं होतं. भाताची जुनी वखार होती, ती भाड्यानं घेतली, चुना फासला, खाटा टाकल्या, झालं वसतिगृह. राहायला आली ती सगळी रोह्याकडची पोरं. रेल्वे तेव्हा रोह्यापर्यंत पोचलेली नव्हती, रोज एसटीनं येणं-जाणं जमणारं नव्हतं, आणि पेणच्या रामवाडीत खोली घेऊन ऐटीत शिकावं अशी कोणाच्या घरची परिस्थिती नव्हती. वखारीतली खाट गेली म्हणजे कॉलेजही गेलं, इतका सरळ हिशेब.

पोरं वाईट नव्हती. पण आपण गावात राहतो म्हणजे गावाचे आहोत, हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. गेल्या पावसाळ्यात खांड पडली तेव्हा गाव कमरेएवढ्या चिखलात उतरलं होतं आणि ही मंडळी छत्र्या घेऊन बांधावर गंमत बघत उभी होती. एकानं तर शिट्टी मारली. गाव तेव्हा काही बोललं नाही, पण विसरलंही नाही. पौष लागला तसा निरोप आला. शिमग्यानंतर वखारीला तळ्याचं पाणी बंद. गावाला पुरायची मारामार, तिथे पाहुण्यांना कुठून द्यायचं?

निरोप ऐकून सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं, पण सर्वांत जास्त पळालं ते दिनानाथचं. दिनानाथ निडीचा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, वसतिगृहाचा मॉनिटर. बापाची भाताची आणि वालाची शेती. घरातून कॉलेजात गेलेला हा पहिलाच, आणि ही गोष्ट बाप निडीच्या नाक्यावर दिवसातून दोनदा तरी कोणाला ना कोणाला ऐकवायचा. परत जाऊन त्या बापाला काय सांगणार? पाणी मिळालं नाही म्हणून शिक्षण सोडलं?

पण दिनानाथ हातपाय गाळणाऱ्यांतला नव्हता. उलट स्वतःवर जरा जास्तच भरवसा होता त्याचा. त्यानं रात्रीच्या जेवणाला जाहीर केलं, "गावाला दाखवून देऊ आपण कोण आहोत ते. श्रमदान करू. बांध असा लख्ख करू की काळुरामनाना तोंडात बोट घालतील."

पेणला राहणाऱ्या रेक्टर सरांना कल्पना भलतीच आवडली. सर मनानं चांगले, पण प्रत्येक गोष्टीचा समारंभ करायची त्यांना हौस. त्यांनी कापडी फलक रंगवून घेतला आणि कॅमेरा मागवला. रविवार ठरला, कारण त्या दिवशी अख्खं गाव वऱ्हाडाला जाणार होतं. गाव सोमवारी परत येईल आणि बांध बघून चाट पडेल, असा बेत. विचारायला गेलो तर आश्चर्य कसलं राहिलं? म्हणून कोणाला विचारलं नाही.

आता निडीकडच्या शेतकऱ्याला बांध शिकवायला नको. आमच्याकडे शेताचा बांध म्हणजे घराची ओसरी, असं दिनानाथचा बाप म्हणायचा. गवत उपटायचं, झुडपं तोडायची, पायथ्याची माती कापून वर थापायची, की बांध कसा तुळतुळीत. दिनानाथनं हेच पोरांना समजावलं आणि सगळी कामाला लागली. खाडीच्या अंगाला, खाऱ्या चिखलात उगवणाऱ्या चिपीची झुडपं माजली होती. तिथे कोयता घेऊन उतरला सोमा. सोमा कोलाडजवळच्या कातकरवाडीतला, दिनानाथच्या शेजारच्या खाटेवरचा. रानात लाकूड तोडण्यात हात बसलेला, त्यामुळे बाकीचे एक झुडूप तोडेपर्यंत तो चार आडवी करायचा. दुपार कलायच्या आत बांधाचा तो सगळा तुकडा न्हाव्याकडून आल्यासारखा गुळगुळीत झाला. फलक धरून फोटो निघाले. तोडलेल्या लाकडांची मोळी पोरांनी वखारीशेजारच्या ठमाबाईच्या दारात नेऊन टाकली. एकटी म्हातारी, वऱ्हाडालाही गेली नव्हती, तेवढंच तिला सरपण.

ठमाबाई दुपारची झोप काढून बाहेर आली, मोळीकडे बघितलं आणि मटकन खालीच बसली.

"ही चिपी कुटली रं?"

"बांधावरची, आजे," दिनानाथ ऐटीत म्हणाला. "साफ केला सगळा."

म्हातारीनं कपाळावर हात मारून घेतला. "मेल्यांनो, बांधाची ढाल काढलाव! लाटंच्या तोंडाला ती चिपीच तर उभी असते. आनि माती कुटली घेतलाव?"

"पायथ्याची."

"मंग पायच कापलाव की त्याचा," म्हणत तिनं मोळी दूर ढकलली. निडीला बांधावर लाट येत नाही. तिथे झुडूप म्हणजे कचरा, इथे तेच झुडूप म्हणजे भिंत. शेतकऱ्याच्या पोटी जन्मून ही गोष्ट आपल्या डोक्यात आली नाही, आणि विचारायला जीभ उचलली नाही. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, हे दिनानाथला त्या क्षणी लख्ख कळलं. त्या बांधाइतकंच लख्ख.

सोमवारी गाव परतलं. काळुराम एकटाच बांधावर जाऊन आला. दिनानाथ त्याला सामोरा गेला आणि जे झालं ते सांगू लागला. काळुरामनं हात वर करून त्याला थांबवलं.

"बघितला मी. परवा माघी पुनव हाय, मोठं उधान. खुंट नि पेंढा जमवतो. लागला तर लागला हाती." एवढं बोलून तो निघून गेला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर दिनानाथला बरं वाटलं असतं.

बांध हाती लागला नाही. पुनवेच्या दिवशी भर दुपारी भरती चढली आणि ज्या तुकड्यावर पोरांनी घाम गाळला होता तोच नेमका फुटला. थाळा वाजला. खारं पाणी भाताच्या खुंटांवरून पसरत तळ्याच्या दिशेनं निघालं. तळ्यात खारं पाणी गेलं असतं तर पाऊस येईपर्यंत माणसांनी आणि गुरांनी प्यायचं काय? शेतं खारावली असती ती वेगळीच.

खांडीची खबर लागताच रेक्टर सर पेणहून सायकल मारत, घामाघूम होऊन वखारीत पोचले. "पोरांनो, सामान भरा. आत्ताच्या आत्ता पेणला चला. लोक चिडलेत, हात उगारतील. मी मागाहून गावाशी बोलतो, कॉलेजतर्फे दिलगिरी व्यक्त करू."

काही पोरांनी ट्रंका ओढल्याही. दिनानाथच्या मनातही क्षणभर आलं, की जावं निघून. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"सर, बांध आम्ही फोडला. गाव तिकडे बुजवतंय आणि आम्ही ट्रंका भरायच्या?"

"अरे, तुमची जबाबदारी माझ्यावर आहे."

"आणि बांधाची आमच्यावर," दिनानाथ म्हणाला आणि फावडं उचलून निघाला. मागून सोमा निघाला. मग एकेक करत ट्रंका पुन्हा खाटांखाली गेल्या.

ओहोटी लागली होती आणि खांडीच्या दोन्ही तोंडांना माणसांची रांग उभी राहिली होती. चिखलाचे गोळे हातोहात पुढे सरकत होते. दिनानाथ रांगेत शिरायला गेला तसा काळुरामनं त्याला अडवलं.

"कोनाच्या उंबऱ्याचा तू?"

"वखारीच्या."

"वखारीला उंबरा नाय. बाजूला हो."

"नाना, हात तर लागतील ना?"

"हात लागतील, पन मानूस वाहून जेला तर? मागं आमचा एक जेला. त्याच्या घराला गावानं पोसला, पोरीची लग्ना लावली. रांगेतला मानूस गावाचा असतो. तू कोनाचा? उद्या तुझा बाप आला तर मी काय दाखवू त्याला?"

दिनानाथला उत्तर सुचेना. रागानं नव्हे, हे बोलणं खरं होतं म्हणून सुचेना. तेवढ्यात बांधाच्या काठाला काठी टेकत ठमाबाई आली. नवरा गेला, मुलगा नाही, तरी थाळा वाजला की ती यायची. चिखल उचलवत नसे, पण तिच्या उंबऱ्याचं माणूस हजर असे.

"काळ्या," तिनं म्होरक्याला लहानपणच्या नावानं हाक मारली, "माझ्या उंबऱ्यावरून हा जाईल. याला काय झाला तर माझा जेला, समज. नि बाकीची पोरा मागनं पेंढा वाहतील, त्याला उंबरा लागत नाय. पानी तल्याकडं चाललाय, तू पंचाईत कसली करतंस?"

काळुराम बाजूला झाला. दिनानाथ खांडीच्या तोंडाशी उतरला. चिखल छातीपर्यंत, पायाखाली ओढ. खुंट ठोकले, त्यामागे पेंढा दाबला, त्यावर चिखल. वखारीची पोरं खळ्यावरून पेंढ्याचे भारे आणून टाकत होती, आणि या वेळी कोणी शिट्टी मारत नव्हतं. सोमाच्या डोक्यावर एकावेळी दोन भारे. दिवस मावळायच्या बेताला खांड मिटली. पाणी तळ्याच्या अलीकडे दोन शेतं सोडून थांबलं होतं. दिनानाथला वर ओढून घेतलं तेव्हा त्याला हात दिला तो काळुरामनंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या पायऱ्यांवर जोळाची बैठक बसली. खांड बुजवली की बैठक व्हायचीच. कोण आलं, कोण नाही, चूक कोणाची, दंड काय, सगळं तिथल्या तिथे. वखारीची पोरं एका कडेला उभी होती. रेक्टर सर इस्त्रीचा सदरा घालून आले होते आणि त्यांनी सुरुवातही केली. कॉलेजला अत्यंत खेद आहे, मुलं अजाण आहेत, गावानं मोठ्या मनानं माफ करावं, नुकसानीचं काय ते संस्था बघेल.

काळुरामनं शांतपणे ऐकून घेतलं. "सर, तुमी बोल्लाव ता झाला. पन आमी पाव्हन्याकडनं काय घेत नाय. पाव्हन्यानं भांडा फोडला तर त्याला कोन भरून मागतो? पाव्हन्याला चार दिस ठेवतात नि मग वाट दाखवतात. ही पोरा वाईट नाय, काल राबली. राग नाय आमचा. पन शिमग्यापर्यंत कशाला? आजच जावा."

पायऱ्यांवरच्या माना डोलल्या. रेक्टर सरांनी खांदे पाडले. राग असता तर समजूत घालता आली असती. राग नाही म्हणणाऱ्याची काय समजूत घालणार?

दिनानाथला तेव्हा आदल्या दिवशी न सुचलेलं उत्तर सुचलं. तो पुढे आला आणि पायऱ्यांच्या समोर मातीत बसला, दंड होणारा माणूस बसायचा तिथेच.

"नाना, एक विचारतो. तुमच्याच मुलानं चिपी तोडली असती तर गावानं काय केलं असतं?"

"माझा पोरगा अशी अक्कल पाजळता नाय."

"पण पाजळली असती तर?"

मंडळी हसली. काळुरामनं मिशीवरून हात फिरवला. "तर दंड. पावसात चिपीची रोपा लावायची, नि तीन पावसाळं त्या तुकड्याची राखन. दर उधानाला बांधावर. घरात मयत असला तरी."

"मग तोच दंड आम्हाला करा."

"दिनानाथ!" रेक्टर सर कुजबुजले. "मी माफी मिळवतोय ना."

"माफी नको, सर. माफी पाहुण्याला देतात."

पायऱ्यांवर चुळबुळ झाली. काळुराम पुढे झुकला. "शाना हायस. पन तीन पावसाळं म्हंजे काय ठावं हाय? तुझा कालेज दोन वर्षांत सरंल. तू जाशील निडीला, नायतर मुंबईला साहेब होशील. मग राखन कोन करील? तुझा फलक?"

हशा पिकला. दिनानाथही हसला, कारण फलकाचं त्याला स्वतःलाही हसू येत होतं. मग तो म्हणाला, "मी जाईन, नाना. माझ्या खाटेवर दुसरा येईल, तो करील. तुमचा आजा वारला तेव्हा तुमच्या वाट्याचा बांध गावानं सोडून दिला का? माणूस जातं, उंबरा राहतो. हे तुमच्याकडूनच शिकलोय, काल, रांगेबाहेर उभा राहून. आम्ही इथे झोपतो, तुमच्या तळ्याचं पाणी पितो, आणि आमच्या चुकीनं तुमचा बांध फुटतो. अजून किती उंबरा पाहिजे? राखण चुकली तर चुकणाऱ्या घराला जे करता ते आम्हाला करा. पण दंड करा."

पहिली हसली ती ठमाबाई. बोळकं उघडून, मनापासून. "काळ्या, पोरगा दंड मागताय नि तू देत नाय? असा म्होरक्या नाय बघितला मी जन्मात."

काळुरामनं पायऱ्यांवरच्या वडीलधाऱ्यांकडे एकेक करून बघितलं. कोणी मान हलवली, कोणी खांदे उडवले. एक म्हातारा पुटपुटला, की वखारीत नाना जातींची पोरं, त्यांचा एक उंबरा कसा होणार? काळुराम त्याच्यावरच उखडला. "भारा वाहताना इचारलाव का जात? तल्यातला पानी वाचलाय ना तुझा? गप बस."

मग तो उभा राहिला. बैठकीचा निवाडा उभं राहून द्यायचा, अशी रीत होती.

"फुटलेला तुकडा आजपासनं वखारीचा. तीन पावसाळं दंडाचं, त्याच्या पुढं वाट्याचं. वखारीचा एक मानूस दर थाल्याला रांगेत. त्याला काय झाला तर तो गावाचा. नि जो गावाचा तो गावाचा पानी पितो, त्याचा वेगळा बोलायला नको."

दिनानाथनं सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. दंड झाल्यावर आनंदानं रडणारा गुन्हेगार जुनेखारनं त्याआधी पाहिला नसावा.

बैठक उठायच्या आधी पुकारा व्हायचा. काळुराम एकेका उंबऱ्याचं नाव घ्यायचा आणि त्या घरचं माणूस 'हाय' म्हणायचं. देवळाच्या अंगापासून सुरू झालेली नावं आळीआळीनं खाली आली. ठमाबाईनं 'हाय' म्हटलं. मग काळुराम म्हणाला, "उंबरा, वखारीचा."

"हाय!" सगळी पोरं एकदम ओरडली. देवळावरची कबुतरं उडाली.

"जत्रा हाय काय?" काळुराम खेकसला. "उंबरा एक, तोंड एक. पुन्यांदा बोलतो. वखारीचा!"

सगळ्यांनी दिनानाथकडे बघितलं. मॉनिटर तोच, दंड मागणारा तोच. दिनानाथनं मागे वळून सोमाला दंडाला धरून पुढे आणलं. सोमा गोंधळला. त्याची वाडी कोलाडच्या शिवेबाहेर होती. कुठल्याच गावाच्या बैठकीत तिचं नाव कधी पुकारलं गेलं नव्हतं आणि तिथल्या कोणाला कधी 'हाय' म्हणायची वेळ आली नव्हती. कामाला बोलावणं यायचं, पुकारा नाही.

"मी?" तो हळूच म्हणाला.

"पुढच्या उधाणाला रांगेत तूच आहेस," दिनानाथ म्हणाला. "बोल."

सोमानं सगळ्या गावाकडे एकदा बघितलं, छाती भरून घेतली आणि म्हणाला, "हाय."

आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या पायरीपर्यंत पोचला. काळुरामनं मान हलवली, त्याच्या पुढचं नाव घेतलं, त्याच्या पुढचं घेतलं आणि पुकारा संपला. लोक धोतरं झटकत उठले. सोमा मात्र होता तिथेच उभा होता.

"ए वखारवाल्या," काळुरामनं फावडं खांद्यावर टाकत त्याला हाक मारली, "उभा काय रायलास? भरती लागली. चल बांधावर."